चार हजार ल्युमेनची बॅटरी घरच्यांना पटेल अशी कशी दाखवावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. औसा तालुक्यातल्या एका तरुणाने ४००० ल्युमेनची (ल्युमेन म्हणजे एकूण प्रकाशाचं माप), २१७०० आकाराच्या चार्जिंगच्या सेलवर चालणारी बॅटरी मागवली. रात्री बैठकीत लावून दाखवली, तर वडील म्हणाले, "मोबाइलचा बी असाच उजेड पडतो की." मेहुण्याकडे आठवडी बाजारातली, डब्यावर 'पाच किलोमीटर' छापलेली बॅटरी आहे आणि तीच भारी, असं त्याचं म्हणणं आहे. आता येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळे पाहुणे शेतात जमणार आहेत, लहान पोरंही असतील. त्या वेळी हा उजेड कसा दाखवायचा?

तुमच्या वडिलांना जे दिसलं ते त्यांनी सांगितलं, त्यात त्यांची काही चूक नाही. पांढऱ्या भिंतींच्या दहा बाय बाराच्या खोलीत मोबाइलचा उजेडही पुरेसा पडतो. तुमची बॅटरी लावली की चारी भिंतींवरून तोच प्रकाश उलटून डोळ्यांवर येतो, बाहुली लगेच आकसते आणि माणूस डोळे किलकिले करतो. त्यातून आपल्या डोळ्याचा हिशोब सरळ नसतो. ल्युमेन दुप्पट झाले म्हणून उजेड दुप्पट वाटत नाही. दुप्पट वाटायचा तर साधारण चौपट प्रकाश लागतो. हजार आणि दोन हजार ल्युमेनमधला फरक खोलीत भल्याभल्यांना ओळखता येत नाही. माझा धंदाच बॅटऱ्या विकण्याचा आणि दुरुस्तीचा आहे. गिऱ्हाईक भर दुपारी येतं, दुकानाच्या भिंतीवर झोत मारून बघतं आणि विचारतं, यात एवढं काय आहे? मी त्याला संध्याकाळी यायला सांगतो.

लोकांना झोत दाखवण्यात अर्थ नाही. त्यांच्या ओळखीची एखादी लांबची वस्तू, जी अंधारात दिसत नाही हे त्यांना पक्कं माहीत आहे, ती दाखवा. वडिलांना ल्युमेन कळायची गरजच नाही. घरापासून विहिरीवरचं पत्र्याचं शेड किती लांब आहे हे त्यांना पावलापावलाने माहीत आहे. इथे उभं राहून त्या शेडचं दार उघडं आहे की बंद हे दिसलं, की किंमत त्यांची तेच करतील.

येळवसचा दिवस यासाठी फार चांगला निवडलात. मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे रात्रभर चंद्राचा त्रास नाही. सगळं घर शिवारात. फक्त वेळ सांभाळा. दिवस मावळल्यावर लगेच दाखवू नका, पश्चिमेला बराच वेळ उजेड रेंगाळतो. साडेसातनंतर खरा काळोख पडतो. तुमच्याकडे हेंडगा, म्हणजे गवत-कडब्याचा टेंभा, पेटवून पिकातून फिरवत असतील, तर तो कार्यक्रम आधी होऊ द्या. जाळाकडे बघितलेल्या डोळ्यांना अंधाराची सवय नव्याने लागावी लागते. पहिली दहा मिनिटं डोळा झपाट्याने सरावतो आणि पूर्ण सरावायला अर्धा तास लागतो. तेव्हा आंबील-भज्जीवर ताव मारून झाल्यावर सगळ्यांना कडब्याच्या कोपीपासून थोडं लांब, बांधावर बसवा, मोबाइल खिशात ठेवायला सांगा आणि पंधरा मिनिटं गप्पा मारा. एवढं केलंत तर निम्मं काम झालं. पण एकाने जरी मध्येच व्हॉट्सअ‍ॅप उघडलं, की त्याचे आणि शेजारच्याचे डोळे पुन्हा पहिल्यापासून.

आता जागा. तुमच्या शेतावरून विजेची लाइन गेली असेल तर तिच्यासारखी मोजपट्टी नाही. गावाकडच्या लाइनीचे खांब साधारण पन्नास-साठ मीटरवर असतात. लाइनीच्या थोडं बाजूला उभे राहा आणि आधी मोबाइलचा फ्लॅश लावून विचारा, किती खांब दिसतात? मोबाइलचा प्रकाश पन्नास ल्युमेनच्या आसपास, तोही चहूकडे पसरणारा. आठ-दहा मीटरच्या पुढे त्याचा काही उपयोग नाही. एकही खांब दिसणार नाही. मग घरात जुनी दोन सेलची पितळी बॅटरी असेल तर ती घ्या. वडिलांच्या हाताची ती सवयीची असते आणि तिच्याशी केलेली तुलना त्यांना लगेच कळते. मग तुमची बॅटरी, आधी सगळ्यात कमी उजेडावर, नंतर मधल्या, शेवटी पूर्ण. पहिला खांब, दुसरा, तिसरा, आणि हवा स्वच्छ असेल तर चौथ्यावरच्या चिनी मातीच्या चिमण्या (तार धरणारे इन्सुलेटर) पांढऱ्या चमकताना दिसतील. लोक स्वतःच मोजायला लागतात. तुम्ही काही बोलू नका.

चढत्या क्रमानेच जायचं, हे लक्षात ठेवा. आधी पूर्ण उजेड दाखवला तर नंतरचं सगळं फिकं वाटतं आणि डोळेही दिपलेले असतात. पायऱ्याही मोठ्या ठेवा. ५० नंतर ४००, मग ४०००. मधल्या सगळ्या पायऱ्या दाखवत बसलात तर कोणालाच फरक जाणवणार नाही. दोन पायऱ्यांमध्ये काही सेकंद अंधार राहू द्या.

नेम कशावर धरता, यावरही बरंच ठरतं. आपली काळी जमीन, त्यातही नुकती नांगरलेली, प्रकाश गिळून टाकते. तिच्यावर चार हजार ल्युमेनही केविलवाणे दिसतात. बाभळीचंही तसंच. कडब्याची गंजी, पत्र्याचं शेड, चुना लावलेली समाधी किंवा देवळाचं शिखर झकास उजळतं. ज्वारी उभी असेल तर तिच्या शेंड्यांवरून झोत सपाट जाऊ द्या, पानांच्या कडा लांबवर उजळत गेल्या की रानाची खोली दिसते. रस्त्यावरच्या चमकत्या पाट्या आणि गाड्यांच्या नंबर प्लेटा मात्र टाळा. त्यांच्यावरचा चमकता थरच असा असतो की प्रकाश आला त्या दिशेला परत जातो, त्यामुळे साधी बॅटरीही अर्ध्या किलोमीटरवरची पाटी पेटवते. मेहुण्याने त्यावर बोट ठेवलं तर तुमच्याकडे उत्तर नसेल.

आणखी एक गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते. बॅटरी धरणाऱ्याला सगळ्यात कमी दिसतं. हवेतली धूळ आणि धुई त्याच्या डोळ्यांसमोरच उजळते आणि तिच्या पलीकडचं धूसर होतं. दोन-तीन पावलं बाजूला उभ्या असलेल्या माणसाला तोच खांब जास्त स्वच्छ दिसतो. म्हणून बघणाऱ्यांना तुमच्या मागे गर्दी करू देऊ नका, एका बाजूला रांगेत उभं करा. स्वतः धरताना बॅटरी कमरेजवळ धरा, डोळ्यांच्या रेषेत नको. पहाटे धुई दाटली की आकाशात मारलेला झोत खांबासारखा उभा दिसतो आणि पोरं खूश होतात, पण त्या झोतातून लांबचं काही दिसत नाही. उजेड दाखवायचा असेल तर ती वेळ नव्हे.

आता मेहुण्याची 'पाच किलोमीटर'. बॅटऱ्यांच्या मोजमापाचा एक अमेरिकन मानदंड आहे, आन्सी एफएल-वन, २००९ सालचा. त्यात पल्ला ठरवतात तो असा: ज्या अंतरावर झोताचा उजेड पाव लक्सवर येतो, तिथे पल्ला संपला. लक्स म्हणजे समोरच्या वस्तूवर पडलेल्या उजेडाचं माप. पाव लक्स म्हणजे मोकळ्या रानातलं पौर्णिमेचं चांदणं. लक्स काढायची रीत सोपी आहे: झोताची धार कँडेलात घ्यायची आणि मीटरमधल्या अंतराच्या वर्गाने भागायचं. या हिशोबाने पाच किलोमीटरला साडेबासष्ट लाख कँडेला लागतात. आठवडी बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही बॅटरीत तेवढी धार नसते. आणि पल्ला संपतो तिथे चांदण्याएवढाच उजेड उरतो. अडीचशे मीटर पल्ल्याच्या बॅटरीने अडीचशे मीटरवरचा माणूस ओळखू येत नाही, कामाचं अंतर त्याच्या निम्मं धरा.

तरीही मेहुण्याशी लांब मारायची शर्यत लावू नका. ल्युमेन म्हणजे बॅटरीतून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो आणि कँडेला म्हणजे तो एका दिशेला किती एकवटला आहे. पाइपाचं तोंड अंगठ्याने दाबलं की तेवढंच पाणी लांब जातं, तसं हे आहे. त्याच्या बॅटरीचं तोंड पुढे ओढून झोत बारीक करता येत असेल, तर अवघ्या तीनशे ल्युमेनमध्येही त्याचा लहानसा चौकोनी ठिपका तुमच्याइतकाच किंवा थोडा जास्त लांब जाऊ शकतो. तुमची बॅटरी पसरट उजेडाची आहे असं गृहीत धरतो, कारण एका सेलच्या बहुतेक चार हजारी बॅटऱ्या तशाच असतात. तिची ताकद रुंदीत आहे. म्हणून शंभर मीटरवरच्या गंजीवर दोघांनी झोत मारा. त्याच्या ठिपक्यात गंजीचा एक तुकडा येईल. तुमच्या उजेडात गंजी, तिच्या शेजारची बैलगाडी, बांध, बांधावरचं लिंबाचं झाड आणि त्याखाली बसलेलं कुत्रं हे सगळं एका वेळी दिसेल. रानात रोही किंवा डुकरं शिरली की नेमकं हेच लागतं. कुठे आहेत ते आधी कळायला हवं, ठिपका फिरवत शोधत बसायला वेळ नसतो.

शंकेखोर मित्रासाठी आकडा हवाच असेल तर मोबाइलमध्ये लक्स मोजायचं एखादं फुकटचं अ‍ॅप घ्या. जमिनीवर पाच मीटर मोजा, झोताचा मधला भाग मोबाइलच्या सेन्सरवर धरा आणि आलेल्या आकड्याला २५ ने गुणा, म्हणजे कँडेला मिळतील. ८०० लक्स आले तर २०,००० कँडेला, आणि पल्ला सुमारे २८० मीटर. मोबाइलचा सेन्सर अचूक नसतो, पण दोन्ही बॅटऱ्या एकाच मोबाइलने मोजल्या तर तुलना प्रामाणिक होते.

मोठ्या माणसांना मी नेहमी विहिरीपाशी नेतो. रात्रीच्या लाइटीवर पाणी द्यायला जाणाऱ्याला विहिरीत डोकावून बघायची सवय असते: पाणी किती उतरलं, मोटारीचा फुटव्हॉल्व्ह उघडा पडला का. सरळ वरून झोत मारला तर पाण्याचा आरसा होतो आणि उजेड तोंडावर येतो. पलीकडच्या भिंतीवर तिरका मारा आणि तो हळूहळू खाली आणा. खडकाचे थर, त्यातल्या भेगा, एखाद्या भेगेतून ओघळणारा पाझर आणि ओल कुठपर्यंत चढली होती त्याची रेघ, सगळं दिसतं. डोळे अधू झालेले म्हातारे गृहस्थ तो पाझर बघून गप्प उभे राहिलेले मी पाहिले आहेत. स्वतःच्याच विहिरीचा तो झरा त्यांनी कैक वर्षांत रात्री पाहिलेला नसतो. कठडा नसेल तर काठापासून चार पावलं मागेच थांबा आणि पोरांना तिकडे आणूच नका.

घरात दाखवायचंच असेल तर लाइट गेल्यावर दाखवा. बॅटरी बुडावर उभी करून झोत छताकडे सोडायचा. स्लॅबच्या पांढऱ्या छतावरून उजेड सगळ्या खोलीत सारखा उतरतो, बायकांना चुलीपाशी आणि पोरांना पुस्तकापाशी एकाच वेळी पुरतो, आणि त्यासाठी सगळ्यात मोठा उजेड लागतही नाही. जुनं माळवदाचं घर असेल तर तसं होत नाही. धुराने काळे पडलेले छताचे लाकडी सर आणि किलचन उजेड पिऊन टाकतात. तिथे खुंटीला पांढरं धोतर किंवा चादर ताणून बांधा आणि झोत तिच्यावर टाका. लगेच फरक पडतो.

आईला किंवा बहिणीला दाखवताना उजेडाचा रंग दाखवा, ताकद नको. ताटात हळद, कुंकू, तिखट आणि तूरडाळ शेजारीशेजारी ठेवा. स्वस्त निळसर उजेडात कुंकू आणि तिखट जवळजवळ सारखंच मातकट दिसतं. चांगल्या, ९० च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) असलेल्या एलईडीत दोन्हींचे लाल वेगवेगळे दिसतात. वरवर हा खेळ वाटेल, पण पाचटात पडलेली घोणस आणि पाचट यांतला फरक डोळ्याला अशाच उजेडात लवकर कळतो. तुमच्या बॅटरीचा उजेड निळसर असेल तर हा प्रयोग करू नका, पण पुढची बॅटरी घेताना हा आकडा विचारा.

पोरांसाठी सगळ्यात कमी उजेड पुरतो, आणि त्यांना आवडतंही तेच. बॅटरी कानशिलाला, डोळ्यांच्या अगदी जवळ धरायची आणि झोताच्या रेषेतूनच बांधावरच्या गवतात बघायचं. हिरवट-पांढरे बारीक ठिपके चमकतात. एका ठिपक्यावर नजर ठेवून हळूहळू जवळ गेलं की तिथे कोळी बसलेला असतो. चमकतात ते त्याचे डोळे. बैल, कुत्रा, मांजर यांच्या डोळ्यांतही पडद्यामागे असाच परावर्तन करणारा थर असतो, म्हणून तेही अंधारात पेटल्यासारखे दिसतात. हे एकदा दाखवलंत की पोरं तासभर बांध सोडत नाहीत, आणि पूर्ण उजेडाचं बटण दाबायचं त्यांच्या डोक्यातही येत नाही.

पण पोरांच्या हातात देण्यापूर्वी बॅटरीवर मोठा उजेड बंद ठेवायची सोय आहे का ते बघा. बहुतेक चांगल्या बॅटऱ्यांत तशी असते. एकमेकांच्या डोळ्यांत झोत मारणं हा गमतीचा प्रकार नाही. काही फुटांवरून हजारो ल्युमेन डोळ्यात गेले तर बराच वेळ समोर काळा डाग तरंगतो, माणूस तेवढा वेळ आंधळा असतो आणि शेतात त्याच वेळी पाय चुकीच्या जागी पडतो. लहान मुलांचे डोळे तर जास्त जपायला हवेत, त्यांच्या डोळ्याचं भिंग निळा प्रकाश मोठ्यांपेक्षा जास्त आत जाऊ देतं. कोणाच्याही हातात बॅटरी देताना कमी उजेडावर, तोंड जमिनीकडे करूनच द्या, कारण घेणारा पहिल्यांदा काच स्वतःकडे वळवून बघतोच.

रस्त्यावरच्या गाडीवर, शेजारच्या वस्तीवर, दाव्याला बांधलेल्या जनावरांवर, झाडावर झोपलेल्या पाखरांवर झोत नको, आणि विमानाकडे तर कधीच नको. आकाशात फिरवत बसण्याचंही टाळा. २०२४ च्या पावसाळ्यात रात्री ड्रोन फिरतात या चर्चेने आपल्याकडच्या कितीतरी गावांनी रात्री जागून काढल्या. लांबून हलणारा उजेड दिसला की लोक काठ्या घेऊन निघत होते. शेजारच्या शेतकऱ्यांना दुपारीच सांगून ठेवा, की रात्री आमच्याकडे बॅटरी लावून बघणार आहोत.

राहिला सेल. आदल्या रात्री पूर्ण चार्ज करा, ४.२ व्होल्टपर्यंत. सेल अर्धा उतरला की पुष्कळ बॅटऱ्या पूर्ण उजेड देतच नाहीत आणि ऐन वेळी तुमची पंचाईत होते. पूर्ण उजेड भरला सेल असतानाही एखाद-दोन मिनिटंच टिकतो. डोकं तापलं की आतलं सर्किट आपणहून उजेड खाली आणतं. तो बिघाड नव्हे, पण पाहुण्यांना तो बिघाडच वाटतो. म्हणून अर्ध्या मिनिटाच्या वर पूर्ण उजेड सलग लावू नका, मधून थंड होऊ द्या. मुठीत घट्ट धरली तर हाताला उष्णता जाते आणि ती थोडी जास्त टिकते. येळवसच्या दिवसांतली थंडी तुमच्या फायद्याची आहे. एप्रिल-मेमध्ये हीच बॅटरी लवकर खाली उतरेल. जादा सेल विकत घेताना क्षमता ९९०० एमएएच असं छापलेला १८६५० आकाराचा सेल कोणी दाखवला तर हात लावू नका. त्या आकाराच्या सेलमध्ये खरे ३५०० च्या आसपासच बसतात, आणि २१७०० मध्ये साधारण ५०००.

आणि त्या दिवशी बॅटरी कोपीत ठेवताना मागचं झाकण पाव फेरा सैल करून ठेवा, म्हणजे चुकून बटण दाबलं गेलं तरी लागणार नाही. पूर्ण उजेडावर लागलेल्या बॅटरीची काच कडब्याला किंवा गडद चादरीला टेकून राहिली तर आधी धूर आणि मग जाळ व्हायला वेळ लागत नाही. येळवसची कोप सगळी कडब्याचीच असते.